छर्ऱ्याचा पराक्रम

दिवाळी आली की घराघरांतून टिकल्यांची पिस्तुले बाहेर पडतात. अंगणात मातीचा किल्ला, किल्ल्यावर रंगवलेले मावळे, आणि भोवती टिकल्या फोडीत धावणारी पोरे! या पराक्रमाबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. त्याने फार तर आजोबांची दुपारची झोप मोडते. परंतु काही सुखवस्तू घरांतून दिवाळीनंतर आणखी एक पिस्तूल बाहेर पडते, आणि ते मात्र खेळण्यातले नसते. सोयाबीन निघून रान मोकळे झालेले असते, तुरीच्या ओळींत ससे दडलेले असतात, बांधावरून तित्तूर साद घालीत असतो. अशा वेळी हवेच्या दाबावर छर्रा फेकणारे, त्यातही ‘ट्यून’ करून जोर वाढवलेले पिस्तूल कमरेला लावून आमचे वीर रानात शिरतात. चार तासांनी एक ससा किंवा दोन होले घेऊन परततात, आणि रात्री मित्रमंडळींत त्याचे पोवाडे होतात.

हे वीर केवळ बुलढाणा जिल्ह्यातच आहेत असे नव्हे. पण अजिंठ्याच्या डोंगररांगा, पैनगंगेचा उगम, ज्ञानगंगेचे अभयारण्य आणि लोणारचे सरोवर ज्या जिल्ह्याच्या पदरात पडले आहे, तिथे हा प्रकार अधिक लाजिरवाणा वाटतो. म्हणून या छंदाच्या समर्थनार्थ जे जे बोलले जाते, त्याचा एकदा हिशेब करू.

पहिले समर्थन असे की, ही एक कला आहे. पिस्तूल ‘ट्यून’ करायला हुन्नर लागतो. लागतो, यात शंका नाही. पण ट्यून करणे म्हणजे काय? तंबोरा जुळवणे म्हणजे तार तुटेपर्यंत ताणणे नव्हे. तो सुरात आणणे होय. स्प्रिंगच्या पिस्तुलात स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो, समोरची हवा दाबली जाते आणि ती छर्ऱ्याला ढकलते. या साऱ्यात छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच हाताला हिसका बसलेला असतो. तो हिसका आणि ती थरथर कमी करणे, हे खऱ्या कारागिराचे काम. आमचे शौकीन नेमके उलटे करतात. ते जोरकस स्प्रिंग बसवतात. हिसका वाढतो आणि नेम बिघडतो. आधीच हवा भरून ठेवलेले पिस्तूल असेल, तर झडप अधिक वेळ उघडी राहील अशी व्यवस्था करतात. मग साठा भराभर संपतो आणि पहिला छर्रा ज्या वेगाने गेला त्या वेगाने पुढचे जात नाहीत. शिवाय पिस्तुलाची नळी आखूड, आणि टेकायला खांदा नाही. थोडक्यात, ज्या हत्याराने नेम साधणे मुळातच कठीण, त्याचा नेम आणखी बिघडवून ते जिवंत प्राण्यावर रोखायचे. याला कला म्हणायचे असेल तर कसाबाने विळ्याने केलेल्या कामालाही शस्त्रक्रिया म्हणावे लागेल.

आणि हा जोर तरी किती? अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटर वेगाने निघाला, तर त्यात सुमारे साडेपाच जूल ऊर्जा असते. स्पर्धेतली पिस्तुले साधारण याच घरातली. कागद फोडायला ती पुरते. सशाला जागच्या जागी मारायला मात्र ती पुरत नाही, म्हणून तर ही सारी खटपट! पण जोर वाढवला तरी छर्रा मेंदूत बसला नाही तर ससा मरत नाही. तो पोटात शिसे घेऊन तुरीत शिरतो आणि दोन दिवसांनी कुठल्या तरी काटेरी झुडपात मरतो. पोवाड्यात त्याचा उल्लेख नसतो. जो ससा हाती लागतो तेवढाच मोजला जातो. मेलेला तो ससा कोल्ह्याने किंवा घारीने खाल्ला, की ते शिसे त्यांच्या पोटात. आणि जो हाती लागला, त्याच्या रश्श्यातून ते आपल्या घरच्या मुलांच्या पोटात. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे आरोग्यशास्त्र सांगते.

दुसरे समर्थन कायद्याचे. “याला परवाना लागत नाही,” असे छातीठोकपणे सांगण्यात येते. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे 20 जूलपर्यंतच्या आणि 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या नळीच्या हवाई हत्याराला परवाना लागत नाही, हे खरे. पण घरातल्या विळीलाही परवाना लागत नाही. म्हणून ती शेजाऱ्याच्या बकरीवर चालवायची मुभा मिळते काय? हत्यार बाळगणे वेगळे आणि शिकार करणे वेगळे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतरही ससा, तित्तूर, होला यांना संरक्षण आहे. मोर आणि घोरपड तर पहिल्याच अनुसूचीत आहेत. त्या कायद्यात शिकारीचा प्रयत्न म्हणजेही शिकारच. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा चुकत नाही. वर ‘ट्यून’ करता करता वीस जूलची मर्यादा ओलांडली, तर विनापरवाना शस्त्राचा गुन्हा वेगळाच. ज्या इंग्रजांकडून हा शौक आपण उचलला, त्यांच्या देशात तर हवाई पिस्तुलाची मर्यादा 6 फूट-पौंड, म्हणजे सुमारे आठ जूल. त्यापुढचे पिस्तूल तिथे निषिद्ध आहे.

तिसरे समर्थन पिकांच्या रक्षणाचे. हे ऐकून मात्र हसावे की रडावे कळत नाही. शेतकऱ्याचे दुःख खरे आहे. रोही आणि रानडुकरे एका रात्रीत हरभऱ्याचा उभा तुकडा आडवा करतात. जागलीवर बसणाऱ्या माणसाचे हाल त्याचे त्यालाच ठाऊक. त्याला भरपाई वेळेवर मिळावी, कुंपणाला मदत मिळावी, याबद्दल कितीही भांडावे. पण दोनशे किलोंच्या घरातल्या रोह्याला अर्ध्या ग्रॅमचा छर्रा काय करणार? आणि ज्या तित्तुरावर तो छर्रा झाडला जातो, तो तर वाळवी आणि किडे टिपून खाणारा पक्षी. शेतकऱ्याच्या मित्राला मारायचे आणि नाव शेतकऱ्याचे घ्यायचे! रोह्याचा राग तित्तुरावर काढणाऱ्यांनी बळीराजाची साक्ष काढू नये.

चौथे समर्थन जरा सुशिक्षित असते. “सलीम अलीसुद्धा हवाई बंदुकीनेच घडले ना?” होय, मुंबईत विसाव्या शतकाच्या आरंभी त्या मुलाने हवाई बंदुकीने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्याला हाकलून न देता भुसा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. 1985 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राला सलीम अलींनी नाव दिले तेही त्या चिमणीवरूनच. पुढेही अभ्यासासाठी त्यांनी पक्षी मारले, आणि ते संग्रहालयात गेले. पण सलीम अली घडले ते बंदुकीने नव्हे, पडलेल्या प्रश्नाने. बंदुका त्या काळी हजारोंच्या घरांत होत्या; सलीम अली एकच झाले. आजच्या मुलाला तो पिवळा डाग दुर्बिणीतून दिसतो, मोबाइलमध्ये टिपता येतो. रश्श्यात टाकलेल्या होल्याला कोणता प्रश्न विचारला गेला, ते मात्र एखाद्या वीराने सांगावे.

आता ज्याविषयी मनापासून संताप येतो, त्या गोष्टीकडे वळतो. याच वऱ्हाडात फासेपारधी राहतात. पाळलेल्या तित्तुराच्या सादेवर रानातला तित्तूर बोलावून फाशात धरणे ही त्यांची पिढ्यान्पिढ्यांची विद्या. इंग्रज सरकारने 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची जी रीत घातली, तिच्या कचाट्यात पारधीही सापडले. तो कायदा 1952 साली गेला, पण कपाळावरचा शिक्का गेला नाही. आज पोटासाठी एक तित्तूर धरणारा पारधी दिसला की गाव त्याला शिकारी म्हणते, चोर म्हणते, पोलिसाला बोलावते. आणि मोटारीतून आलेला, पिस्तुलावर हजारो रुपये खर्चणारा, घरी पोटभर जेवून निघालेला गृहस्थ तोच तित्तूर मारतो, तेव्हा आपण म्हणतो, “हौशी आहे हो!” पारध्याचा फासा कायद्याला मान्य नाही, आणि तो मान्य करावा असेही माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच, की भुकेला जी माफी नाही ती हौसेला कोणत्या न्यायाने मिळते?

2019 साली टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ गळ्यात पट्टा घेऊन हजारावर किलोमीटरची पायपीट करून ज्ञानगंगेत आला, तेव्हा त्याच्या बातम्या देशभर झाल्या. वाघाचे कौतुक करायला सारे तयार असतात. पण ज्या रानातून लहान जीव नाहीसे होतात, ते रान रानच उरत नाही.

यावर उपाय काय, असे विचाराल. अरुणाचल प्रदेशात 2021 मध्ये लोकांनी आपल्या हवाई बंदुका स्वखुशीने सरकारात जमा कराव्यात अशी मोहीम निघाली, आणि दोन हजारांवर बंदुका जमा झाल्या. जिथे शिकार ही लोकांची जुनी चालरीत, तिथे हे घडले. मग आपल्याला काय अडचण आहे? आणि ज्या मुलाच्या हातात खरोखर नेम आहे, त्याचा हात बांधावा असे कोणीच म्हणत नाही. पॅरिसला 2024 मध्ये मनू भाकरने दहा मीटर हवाई पिस्तुलात कांस्यपदक मिळवले. त्या लक्ष्याचा दहा गुणांचा गोल अवघा साडेअकरा मिलिमीटरचा असतो. आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने त्याच ऑलिंपिकमध्ये रायफलचे पदक आणले. त्यासाठी कोणाला ससा मारावा लागला नाही.

दहा मीटरच्या नेमबाजीला लागते तरी किती? एक लांब खोली, छर्रे अडवणारी भक्कम आड आणि शिस्तीचा एक शिक्षक. खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर येथील शिक्षणसंस्थांनी आणि पुढाऱ्यांनी मनावर घेतले तर हे अशक्य नाही. तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांनी एक करावे. या दिवाळीत मुलाने किंवा दिराने असले पिस्तूल मागितले, तर पैसे देण्यापूर्वी त्याला विचारावे, “नेम कशावर धरणार?” उत्तर कागदावर असेल तर त्याला जरूर शिकायला पाठवा. उत्तर तुरीकडे बोट दाखवून आले, तर पैशाची पिशवी बंद करा. आणि पिस्तूल आधीच घरात आले असेल, तर ते आजच कुलपात टाका.