मुलांना अनाथ कोण करते?

बालगृहांत राहणारी सर्वच मुले अनाथ असतात, असा एक सोयीस्कर समज समाजात रूढ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. त्यांतील अनेकांची आई, वडील किंवा दोघेही हयात असतात. घर नाही म्हणून नव्हे, तर घर चालेनासे झाले म्हणून मूल संस्थेत येते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची विधवा, ऊसतोडीला जाणारे जोडपे, दारूने पोखरलेला संसार सावरणारी मोलकरीण ही माणसे मूल टाकीत नाहीत. परिस्थितीपुढे हात टेकून ते दुसऱ्याच्या स्वाधीन करतात. शासन मूल ठेवून घेते आणि कुटुंबाला वाऱ्यावर सोडते.

कायद्याची भाषा याच्या नेमकी उलट आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमाच्या तिसऱ्या कलमाने संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची मानली आहे आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय ठरविला आहे. केवळ दारिद्र्यामुळे मूल आईबापांपासून तोडता कामा नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही म्हटले आहे. मग अखेरचा उपाय पहिला का होतो? कारण त्याआधीचे उपाय तुटपुंजे आहेत. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेचे अनुदान २०२३ मध्ये वाढून दरमहा २,२५० रुपये झाले, म्हणजे दिवसाला ७५ रुपये! तेही मिळवायचे तर बालकल्याण समितीचा आदेश हवा. त्यासाठी खेड्यातल्या विधवेने मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी खेटे घालायचे.

परंतु प्रश्न केवळ रकमेचा नाही, आणि येथे पुरोगामी चळवळीचीही गफलत होते. ‘मानसिक आधार’ हे शब्द ऐकताच अनेक कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. पोटाचा प्रश्न सुटला की मनाचा आपोआप सुटेल, हा युक्तिवाद शास्त्रीय वाटला तरी भोंगळ आहे. कर्जाने आणि वैधव्याने खचलेली आई अबोल होते, मूल शाळा सोडते, सासरचे तोंड फिरवतात. ही साखळी एकट्या अनुदानाने तुटत नाही. त्यासाठी घरी येऊन ऐकून घेणारा, नातलगांशी बोलणारा, शाळेत आणि कचेरीत सोबत जाणारा प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ता लागतो. उलटपक्षी, समुपदेशनालाच मजुरीचा पर्याय समजणे ही भुकेल्याला धीराचा उपदेश करणारी लबाडी आहे. भाकरी आणि आधार एकाच हाताने दिले पाहिजेत.

कुटुंबाला डावलण्याची किंमत रुमानियाने मोजली. समाजवादाचे नाव घेणाऱ्या चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर कठोर निर्बंध घातले; जन्मणाऱ्या मुलांच्या कुटुंबांना मात्र सावरले नाही. १९८९ मध्ये ती राजवट कोसळली, तेव्हा एक लाखाहून अधिक मुले संस्थांत होती. पुढे बुखारेस्ट येथे २००० नंतर झालेल्या अभ्यासात असे आढळले की संस्थेतून काढून कुटुंबात, विशेषतः दोन वर्षांच्या आत ठेवलेली मुले अधिक सावरली. २००४ मध्ये, तीव्र अपंगत्वाचा अपवाद वगळता, दोन वर्षांखालील मुलांना संस्थेत ठेवण्यास कायद्याने बंदी करण्यात आली. राज्यसंस्था कोणाच्याही नावाने चालो, ती आईची जागा घेऊ शकत नाही. आईला उभे मात्र करू शकते.

भारतात हे काम ज्यांनी करायचे, ते जिल्हा बालसंरक्षण कक्षातील कर्मचारी कंत्राटावर राबतात. ज्याच्या स्वतःच्या उद्याची शाश्वती नाही, त्याने खचलेल्या कुटुंबाला कसला भरवसा द्यावा? तेव्हा प्रत्येक तालुक्यात कायम सामाजिक कार्यकर्ते, किमान वेतनाशी जोडलेले अनुदान आणि बालकल्याण समितीच्या तालुक्याच्या ठिकाणी बैठका, या तीन मागण्या पक्षशाखांनी हाती घेतल्या पाहिजेत. बालगृहाच्या इमारतीवर उद्घाटनाची कोनशिला बसते; वाचलेल्या संसारावर बसत नाही. म्हणूनच सत्ताधाऱ्यांना पहिल्याची हौस असते. दुसऱ्यासाठी लढणे हे समाजवाद्यांचे काम आहे.