गायरानाला विसावा

गायरान म्हणजे कुणाचेच नसलेले रान, अशी समजूत आपल्या गावांत फार दिवसांपासून रूढ आहे. मृगाच्या पावसाने कोंब वर येतात न येतात तोच सारी जनावरे त्यावर सोडली जातात आणि दिवाळीपूर्वीच माळ उघडा पडतो. मग उन्हाळ्यात वैरण विकत घ्यावी, नाहीतर दावणीची गाय बाजारास न्यावी, यावाचून गृहस्थास तिसरा मार्ग उरत नाही.

वाचकहो, येथे दोष जनावरांच्या संख्येचा आहे त्याहून अधिक वेळेचा आहे. खुडलेले गवत बुडख्यात व मुळांत साठविलेल्या अन्नावर पुन्हा फुटते. नव्या पानांनी ही शिदोरी भरून काढण्याआधीच पुन्हा तोंड लागले, की मुळे आखडतात. पवन्या, मारवेल यांसारखी सकस गवते जनावरे आधी निवडतात, म्हणून तीच आधी नाहीशी होतात. मागे उरते ती कुसळी. कुरणाचे भाग पाडून एकेका भागात थोडेच दिवस चारावे आणि मग त्यास पुरता विसावा द्यावा, असे फ्रान्समधील आंद्रे व्वाझँ यांनी १९५७ साली आपल्या ग्रंथात आग्रहाने सांगितले.

आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या अवर्षणग्रस्त गावाने १९९० नंतर, श्री. पोपटराव पवार सरपंच असताना, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी स्वीकारली. डोंगरउतारावर समतल चर खणून पाणी अडविले. तेथील गवत विळ्याने कापून गोठ्यात नेऊ लागल्यावर चारा वाढला, आणि त्यामागोमाग दूधही.

मात्र सरसकट बंदी सर्व गावांस मानवेलच असे नाही. ज्याचे पोट चार शेळ्यांवर आहे त्या भूमिहीनाने त्या न्याव्यात कोठे? म्हणून गायरानाचे तीन भाग करून दरवर्षी एकच बंद ठेवावा आणि तेथील कापलेल्या गवतात त्याचा वाटा आधीच ठरवावा, हे आम्हांस अधिक न्याय्य वाटते.

बंद भागात पावसाच्या तोंडावर स्टायलोचे बी फोकावे. ही द्विदल वनस्पती असल्याने चाऱ्यातील प्रथिने वाढतात व जमिनीसही नत्र मिळते. बियांचे कवच कठीण असते. म्हणून सुमारे ८० अंश सेल्सिअस तापलेल्या पाण्यात ते तीन-चार मिनिटे बुडवून नंतर रात्रभर थंड पाण्यात भिजवावे. पाणी उकळते मात्र नसावे. गवताची कापणी फुलोऱ्यावर, चार बोटे बुडखा राखून करावी. बी पिकून काड्या पिवळ्या पडेपर्यंत थांबल्यास भारा मोठा दिसतो, परंतु त्यातील कस निम्मा निघून गेलेला असतो.