वॉर्डातली रील आणि पाठाचे टाचण

गेल्या महिन्यात एका रविवारी, असरच्या नमाजनंतर, आमच्या तीन जुन्या विद्यार्थिनी घरी आल्या. तिघी जी.एन.एम. झालेल्या, तालुक्याच्या गावी खाजगी दवाखान्यांत नोकरीला. चहा झाला, घरच्यांची विचारपूस झाली. मग धाकटीने मोबाईल पुढे केला. "टीचर, आमचा चाळीस सिस्टरांचा ग्रुप आहे. पगार, ड्युटीचे तास, सगळ्यावर बोलायचंय. पण पहिल्याच पावलाला ठेच लागली."

झाले होते असे. बारा तासांची नाइट संपताना तिने वॉर्डात उभे राहून रील केली. अठ्ठावीस खाटा आणि एकटी सिस्टर, एवढेच दाखवायचे होते. मागच्या खाटेवर एक म्हाताऱ्या बाई झोपलेल्या, हाताला सलाईन, डोक्यावरचा पदर सरकलेला. दोन दिवसांत रील हजारो लोकांनी पाहिली आणि त्यांत त्या बाईंचा मुलगाही होता. दवाखान्याने मुलीकडून माफीनामा लिहून घेतला. नोकरी थोडक्यात वाचली. अठ्ठावीस खाटांविषयी मात्र कोणी एक शब्द बोलले नाही.

खरे सांगायचे तर आम्हाला या माध्यमांतले फारसे कळत नाही. पण बी.एड.ला आम्ही पाठाचे टाचण काढायला शिकलो. वर्गात जाण्याआधी चार गोष्टी लिहायच्या: उद्दिष्ट काय, समोर कोण बसले आहे, साधन कोणते, आणि पाठ पोहोचला की नाही हे कसे तपासायचे. आम्ही वही काढली आणि म्हणालो, "चला, याचेही टाचण काढू."

उद्दिष्टात त्यांनी अकरा मागण्या सांगितल्या. आम्ही म्हणालो, एका तासाला एकच घटक. बऱ्याच चर्चेनंतर पगार ठरला, कारण त्याला आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली. 50 पेक्षा कमी खाटांच्या खाजगी दवाखान्यातही परिचारिकेला महिना 20,000 रुपयांपेक्षा कमी पगार असू नये, असे त्या समितीने सुचवले. अंमलबजावणी राज्यांकडे आली. या तिघींपैकी एकीच्या हातात 11,000 पडतात. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की वेगळ्या भाषणाची गरज उरत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनेही हेच केले होते. सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मरतात, हे तिने 1858 मध्ये आकड्यांच्या रंगीत आकृत्या काढून सरकारला दाखवले.

समोर कोण बसले आहे? मुली म्हणाल्या, "सगळे." सगळ्यांसाठी लिहिलेले कोणीच आपले मानत नाही. आपल्यासारख्या सिस्टरांसाठी व्हॉट्सॲप पुरे, कारण तिथे पगाराच्या पावतीविषयी मोकळे बोलता येते. गावातल्या घरांसाठी फेसबुक, कारण चाचा-मामा तिथेच असतात. आमदार, पालकमंत्री आणि कामगार अधिकाऱ्यांसाठी मात्र सह्यांचे लेखी निवेदन, आणि त्याच्या पोच घेतलेल्या प्रतीचा फोटो फेसबुकवर.

साधनाच्या रकान्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. थोरलीने मान खाली घालून सांगितले, "सासरे म्हणतात, सुनेचा चेहरा मोबाईलवर नको." या भीतीला हसण्यात अर्थ नाही. बाईच्या फोटोखाली लोक काय लिहितात ते आपण सगळे पाहतो. पण चेहरा हवाच कशाला? ड्युटीनंतर काढून ठेवलेल्या चपला, सुजलेले पाय, वहीत लिहिलेला रात्रीचा हिशेब, नाहीतर नुसता आवाज, एवढ्यावरही गोष्ट सांगता येते.

आणि रुग्ण? रुग्णाचे नाव, चेहरा, आजार, खाटेचा नंबर ही सगळी अमानत आहे. ती सिस्टरच्या मालकीची नाही, दवाखान्याच्याही नाही. म्हणून वहीत ठळक लिहिले: वॉर्डात मोबाईल बाहेर काढायचा नाही. लिहिलेला मजकूर दोघींनी वाचल्याशिवाय टाकायचा नाही. रागाच्या भरात लिहिलेले सकाळपर्यंत थांबवायचे. शिवीला उत्तर द्यायचे नाही. धमकी आली तर तिचा स्क्रीनशॉट जपून ठेवायचा आणि घरच्यांना सांगायचे.

राहिले मूल्यमापन. किती लाइक आले, हे मोजायचे का? 2015 मध्ये अमेरिकेत सौंदर्यस्पर्धेतल्या एका परिचारिकेने मंचावर आपल्या कामाविषयी बोलून दाखवले. टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात तिची थट्टा झाली आणि तिच्या गळ्यातला स्टेथोस्कोप डॉक्टरांचा कसा, असे विचारले गेले. देशभरच्या परिचारिकांनी आपापले स्टेथोस्कोपचे फोटो टाकले, फेसबुकवरचा त्यांचा गट काही दिवसांत लाखांवर गेला, जाहिरातदार मागे हटले आणि कार्यक्रमाला माफी मागावी लागली. थट्टेला चोख उत्तर मिळाले. पण एका सिस्टरने किती रुग्ण सांभाळायचे हा त्यांचा जुना प्रश्न त्या फोटोंनी सुटला नाही. केरळमध्ये परिचारिकांनी संघटना बांधली, संप केले, पदयात्रेची तयारी केली. ती निघण्याच्या तोंडावर, एप्रिल 2018 मध्ये, सरकारने किमान मूळ पगार 20,000 रुपये करणारी अधिसूचना काढली. मोबाईल दवंडी पिटतो, चालायचे मात्र आपल्याच पायांनी असते. म्हणून मूल्यमापनाच्या रकान्यात लिहिले: या महिन्यात किती सिस्टरांनी सही केली, आणि किती जणींचा पगार वाढला.

निघताना धाकटी दारात थांबली. "टीचर, त्या म्हाताऱ्या बाईंचं काय करू?" आम्ही म्हणालो, "माफीनामा दवाखान्याला दिलास. माफी अजून त्यांची मागायची आहे."

ती गेली. आधी मुलगा दारातच रागावला. बाईंनी आतून हाक मारून तिला जवळ बसवले. म्हणाल्या, "पोरी, माझा फोटो टाकलास ते चुकलंच. पण त्या रात्री तीनदा उठून मला पाणी पाजलंस, ते का नाही सांगितलंस?"

ग्रुपची पहिली पोस्ट तीच झाली. बाईंना आणि मुलाला वाचून दाखवून, त्यांच्या होकाराने, नाव-गाव न देता. सात ओळी, आणि खाली 11,000 व 20,000 हे दोन आकडे. लाइक फार आले नाहीत. निवेदनावर सह्या सव्वीस झाल्या आहेत, चौदा बाकी आहेत.

हिजरी सन 5 मध्ये खंदकच्या लढाईनंतर मस्जिद-ए-नबवीत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत जखमींची शुश्रूषा होत असे, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. मग आपल्याच मोहल्ल्यातली सिस्टर नाइट करून सकाळी रिक्षातून उतरते, तेव्हा एवढे तरी विचारू या: "बेटी, पगार वेळेवर मिळतो ना?"