वाचनगटासाठी बाळकराम

आपल्या वाचनगटाने यंदा एखाद्या विनोदी लेखकाचे चरित्र वाचावे, यावर एकमत झाले. मात्र कोणाचे, या प्रश्नावर सावरगावच्या जाम नदीकाठाला शोभेल अशी गोटमार झाली. (सुदैवाने कोणाला टाके घालावे लागले नाहीत.) बहुसंख्य सभासदांचा कल पु. ल. देशपांडे यांच्याकडे आहे. पु. लं.विषयी माझे प्रेम कोणाहून कमी नाही. तरीही मी राम गणेश गडकरी यांचे नाव सुचवतो.

रुग्णाला नागपूरला हलवताना वाटेत सावनेर लागते. २३ जानेवारी १९१९ रोजी गडकऱ्यांचे तेथे निधन झाले, अवघ्या ३३ व्या वर्षी. कवी 'गोविंदाग्रज' आणि 'एकच प्याला'चे नाटककार आपल्याला ठाऊक असतात. ठकीच्या लग्नाची मोहीम रंगवणारा, श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना गुरू मानणारा 'बाळकराम' मात्र विस्मरणात चालला आहे.

आक्षेप आला तो असा : "दिवसभर आजारच पाहतो, रात्री पुन्हा क्षयाची कहाणी कशाला?" आक्षेप खोटा नाही. पण कॉकने क्षयाचा जंतू दाखवला १८८२ मध्ये, गडकऱ्यांचा जन्म १८८५ चा. पॅरिसमध्ये एका नवजात बालकाला बी.सी.जी. प्रथम तोंडावाटे दिली गेली १९२१ मध्ये, आणि स्ट्रेप्टोमायसिन हाती आले १९४३ मध्ये. शत्रू ओळखता येत होता, शस्त्र मात्र नव्हते. त्या अवस्थेत या माणसाने अंथरुणावरून 'भावबंधन' पूर्ण केले, धुंडिराज आणि कामण्णा यांच्यासह. 'राजसंन्यास' अपुरेच राहिले. आजारी माणूस विनोद कसा करतो, हा प्रश्न वैद्यांनी वाचायचा नाही तर कोणी?

दुसरे कारण माझ्या व्यवसायातले आहे. 'राजहंस माझा निजला' ही कविता याच लेखकाची. मूल गेले हे न मानणारी माता मी वॉर्डात पाहिली आहे. तिला काय सांगावे हे मला एम.डी.च्या अभ्यासक्रमाने शिकवले नव्हते. ती वेदना जाणणारा माणूस ठकीच्या लग्नावर हसवतो, तेव्हा ते हसू मला उथळ वाटत नाही.

चरित्र निवडताना माझी अट एकच. गडकऱ्यांभोवती आख्यायिका पुष्कळ आहेत. केस-पेपरवर आपण नातेवाइकांनी सांगितलेले आणि स्वतः तपासलेले वेगवेगळे लिहितो; तशी शिस्त पाळणारे, पत्रे व समकालीनांच्या साक्षी यांवर उभे असलेले पुस्तक घ्यावे. भक्तिभावाने लिहिलेले जाड पुस्तक मला नको.

चरित्राआधी एका सायंकाळी 'छोट्या जगूचा रिपोर्ट' मोठ्याने वाचावा आणि घरच्या मुलांनाही बोलवावे. समारोपाची बैठक २३ जानेवारीला सावनेरलाच घ्यावी. त्या दिवशी दुपारनंतर दवाखाना बंद ठेवण्याची माझी तयारी आहे. इतरांनी आपापले कळवावे.