सन ११०० म्हणजे कोणते वर्ष? रुग्णनोंदींच्या मानकांविषयी एक धागा

१/
एखाद्या जुन्या मराठी कागदावर नुसते ‘सन ११००’ आढळले, तर ते वर्ष कोणते? हिजरी धरले तर इ.स. १६८८-८९, म्हणजे संभाजी महाराजांच्या हत्येचे वर्ष. दख्खनी फसली धरले तर १६९०-९१. शुहूर धरले तर १६९९-१७००, म्हणजे राजाराम महाराजांच्या निधनाचे वर्ष. आकडा एकच, पण सन चुकीचा धरला की एक छत्रपती दुसऱ्याच्या जागी येतो.

२/
म्हणूनच अभ्यासक आधी विचारतो : सन कोणता, दफ्तर कोणाचे, कागद अस्सल की नक्कल? मग जंत्री उघडतो. नोंदीविषयीच्या या नोंदीला आज मेटाडेटा म्हणतात, आणि ती सर्वांनी एकाच रीतीने ठेवावी या ठरावाला मानक. जी चौकशी आपण तीनशे वर्षांपूर्वीच्या पत्राची करतो, ती जिवंत माणसाच्या दवाखान्यातील कागदाची करत नाही. या निष्काळजीपणाची किंमत गरीब मोजतो, असे माझे म्हणणे आहे.

३/
‘संगणक बसवले, अ‍ॅप आले, काम झाले’ असे मानणाऱ्यांशी हा वाद आहे. नगर जिल्ह्याचेच नाव घ्या. १८८४च्या गॅझेटियरमध्ये आणि २०११च्या जनगणनेत इंग्रजी स्पेलिंगात ‘एम’नंतर ‘ए’. इतर असंख्य कागदांत तेथे ‘ई’. बोलण्यात नुसते नगर. आणि २०२४पासून अहिल्यानगर. माणसाला हा एकच जिल्हा. यंत्राला, कोणी सांगितले नाही तर, चार.

४/
नामांतराविषयी आपले मत काहीही असो. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्याचा सांकेतांक ५२२ आहे. नोंद अशा सांकेतांकाला बांधलेली असेल, तर नाव बदलले तरी रुग्ण हरवत नाही. ती नुसत्या नावाला बांधलेली असेल, तर जुन्या नावाखाली औषध सुरू झालेला क्षयरोगी नव्या नावाखाली नवा रुग्ण ठरतो, आणि त्याचे आधीचे उपचार कोणाला दिसत नाहीत.

५/
हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. १८६०मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकसारख्या तक्त्यांचा प्रस्ताव मांडला. प्रत्येक रुग्णालय आजारांना आपापली नावे देत असेल, तर मृत्यूंची तुलना करायची कशी? १८९३मध्ये झाक बर्तियों यांचे मृत्युकारणांचे वर्गीकरण शिकागोत सादर झाले. पुढे १९४८मध्ये त्याच परंपरेची जबाबदारी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली.

६/
आता १९१८मध्ये या. इन्फ्लुएंझाची साथ मुंबई इलाख्यात पसरली. गावोगावच्या मृत्यूंची नोंद गावकामगार करीत. त्यांच्यापुढील तक्त्यात ठरावीक रकाने होते : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, इत्यादी. नव्या रोगाला रकाना नव्हता. बहुतेक मृत्यू ‘ताप’ या रकान्यात गेले. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली असावीत, हा अंदाज संशोधकांना मुख्यतः ‘ताप’ कितीने फुगला यावरून बांधावा लागला.

७/
पाटील-कुलकर्ण्यांना नोंद ठेवता येत नव्हती, हे याचे सोपे स्पष्टीकरण. मला ते मान्य नाही. त्यांनी नोंद ठेवली, म्हणून तर आज अंदाज तरी बांधता येतो. उणीव तक्त्यात होती. कोणते रकाने असावेत हे गावापासून दूर बसलेल्या माणसांनी ठरवले होते, आणि नव्या रोगाची वेगळी नोंद करण्याची सोय त्यात नव्हती. मानक ठरवणे हा सत्तेचा व्यवहार आहे, तो असा.

८/
याउलट उदाहरण याच जिल्ह्यात आहे. अहिल्याबाईंचे चोंडी ज्या तालुक्यात आहे, त्या जामखेडमध्ये १९७०पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. १९७९मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचा कणा म्हणजे गावानेच निवडलेल्या आरोग्यसेविका. त्यांतील अनेक जणी शाळेची पायरीही न चढलेल्या. त्या जामखेडला नियमित येऊन शिकत, आणि गावात काय दिसले ते सांगत.

९/
येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी. गरोदर बाई कोणती धरायची, कुपोषित बाळ कोणते, हे शब्द त्या सेविकेला, परिचारिकेला आणि डॉक्टरला एकाच अर्थाने ठाऊक असल्याशिवाय हे काम चाललेच नसते. अर्थ आधी सामायिक झाला, कागद नंतर आला. आज आपण उलट करतो : आशाताईंच्या हाती आधी मोबाइल देतो आणि रकान्याचा अर्थ त्यांनी स्वतः ओळखावा अशी अपेक्षा ठेवतो.

१०/
जन्मतारखेचा रकाना घ्या. महाराष्ट्रात ‘१ जून’ला जन्मलेल्या माणसांची संख्या विलक्षण आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख लिहून टाकली. रुग्णनोंदींच्या देवघेवीसाठी आज वापरले जाणारे एफएचआयआर हे मानक नुसते वर्ष लिहिण्याची मुभा देते. पण आपला अर्ज दिवस-महिना भरल्याशिवाय पुढे जात नाही. म्हणजे मानक खरे बोलू देते, आणि अर्ज खोटे बोलायला लावतो.

११/
यात पणाला काय लागले आहे? ऊसतोड कामगार पाहा. पाथर्डी, जामखेड, शेजारचा बीड जिल्हा येथून कुटुंबे दर हंगामात कारखान्यांच्या प्रदेशात जातात. गरोदरपणाची नोंद एका जिल्ह्यात, बाळाचा पहिला डोस दुसऱ्यात. २०१९मध्ये बीडमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतील ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली.

१२/
हा आकडा महिलांची स्वतंत्र पाहणी केल्यावर हाती आला. प्रत्येक शस्त्रक्रियेचा कागद कोठे ना कोठे झालाच असणार. पण वय, कारण, रुग्णालय आणि मूळ गाव एकाच रीतीने लिहून ते एकत्र वाचण्याची सोय असती, तर ही रीघ कितीतरी आधी दिसली असती. सुट्या कागदांचा ढीग म्हणजे दफ्तर नव्हे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

१३/
‘मग सरकारने मानके करावीत’ असे कोणी म्हणेल. ती केव्हाच झाली आहेत! इलेक्ट्रॉनिक आरोग्यनोंदींची मानके २०१३मध्ये आली, २०१६मध्ये सुधारली. त्यांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. आरोग्यक्षेत्राची मेटाडेटा मानके २०१८मध्ये आली. २७ सप्टेंबर २०२१ रोजी डिजिटल आरोग्य अभियान देशभर सुरू झाले आणि १४ अंकी ‘आभा’ क्रमांक आला. त्या क्रमांकाने दोन कागद एकाच माणसाचे आहेत एवढे कळते. दोन्ही कागदांतील ‘ताप’ एकच आहे का, हे कळत नाही.

१४/
एक आक्षेप मात्र मी गंभीर मानतो : नोंदी जोडल्या की त्या चुकीच्या हातीही जाऊ शकतात. खरे आहे. एचआयव्हीबाधित किंवा मनोरुग्ण माणसाला त्याची भीती वाटणे रास्त आहे. पण कोणी, कधी, कोणत्या कारणाने कागद पाहिला आणि रुग्णाने कशाला संमती दिली, हेही मेटाडेटातच लिहावे लागते. ते न लिहिणाऱ्या व्यवस्थेत गुपित राखले जात नाही. फक्त फोडणारा सापडत नाही.

१५/
म्हणून तीन मागण्या. रकान्यांच्या व्याख्या मराठीत, आरोग्यसेविकेला कळतील अशा, जाहीर व्हाव्यात. प्रत्येक अर्जात ‘अंदाजे’, ‘माहीत नाही’ आणि ‘निराळे काही’ यांना जागा असावी. आणि नोंदीची पूर्ण प्रत, तिच्या अर्थासह, रुग्णाच्या हाती मिळावी.

१६/
आणि तुम्ही? आज घरातल्या थोरांची दवाखान्याची फाइल काढा. तपासणी कोठे झाली, कोणत्या तारखेला, वय खरे की अंदाजे, औषध कशासाठी, हे प्रत्येक कागदावर आहे का पाहा. नसेल तर विचारून आपल्या हाताने लिहून ठेवा. पुढचा डॉक्टर तो कागद उघडेल, तेव्हा त्याच्याजवळ जंत्री नसेल.