बरवे यांचे घड्याळ आणि विणकराचा मोर

घड्याळ, पान, सेफ्टी पिन: प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या चित्रांत नित्याच्या वस्तू ओळखू येतात, मात्र त्यांचा उपयोग गळून गेलेला असतो. या अमूर्ततेचे श्रेय बहुधा वाराणसीत त्यांना भेटलेल्या तंत्रकलेला दिले जाते. ते अपुरे आहे. मुळात बरवे तेथे गेले ते विणकर सेवा केंद्राच्या नोकरीनिमित्त. पैठणीच्या पदरावरील मोर धाग्यांच्या हिशेबाने घडतो. पक्षी मागे पडतो, आकार उरतो. हातमागासाठी नक्षी रचणाऱ्याची नजर रोज हेच करते. दारे-खिडक्यांना लावायचा एनॅमल रंगही बरव्यांनी कॅनव्हासवर आणला. तरीही कलेतिहासात त्यांच्या या नोकरीला जेमतेम एक ओळ मिळते.