विश्लेषण : ऑनलाइन लोकप्रियतेच्या क्रमवारीत नेमके काय मोजतात?

जपानचा फुटबॉलपटू हिदेतोशी नाकाता 2006च्या विश्वचषकानंतर, वयाच्या 29व्या वर्षी निवृत्त झाला. अशा मैदान सोडलेल्या खेळाडूंच्याही लोकप्रियतेच्या क्रमवाऱ्या इंटरनेटवर लागतात. त्यात मोजले जातात ते शोध, क्लिक आणि फॉलोअर. ‘गूगल ट्रेंड्स’चे 0 ते 100 हे आकडे तर शोधांची संख्याही नसतात, सर्वोच्च पातळीला 100 धरून बाकीची तुलना मांडलेली असते.

खाशाबा जाधव यांनी कुस्तीतले कांस्यपदक 1952 मध्ये हेलसिंकीत जिंकले. गूगलच्या डूडलवर ते झळकले 15 जानेवारी 2023 रोजी. पदक तेच होते, नजर उशिरा गेली.

चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी मे 2018 मध्ये ‘मिशन शौर्य’तून एव्हरेस्टवर पोहोचले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील अनेक गावांत मात्र मोबाइलला धड रेंज नाही. तिथल्या खेळाडूला क्लिक मिळणार कुठून? फॉलोअर पाहून प्रायोजकत्व किंवा मदत ठरू लागली, तर ही मुले शर्यतीआधीच बाद होतील. म्हणून निवड करताना वेळ, अंतर आणि कामगिरीच पाहावी. क्रमवारी गंमत म्हणून वाचावी, गुणपत्रिका म्हणून नव्हे.